ब्लू, रेड, पर्पल की बाराकुडा? घरच्या कॉम्प्युटरसाठी हार्ड डिस्क निवडताना

पीएचडीला रजिस्ट्रेशन झालं की पहिल्या सहा महिन्यांत एक प्रश्न हमखास येतो. "घरच्या कॉम्प्युटरमध्ये चार टीबीची हार्ड डिस्क टाकायची आहे, कुठली घेऊ?" आमच्या लॅबमध्ये येणारा प्रत्येक ज्युनियर हे विचारतो, आणि विचारायलाच हवं. कारण पुढची पाच वर्षं तुमची मोजमापं, मुलाखतींची रेकॉर्डिंग, कोड आणि प्रबंधाचे सतरा मसुदे त्याच डब्यात राहणार आहेत.

दुकानात गेलात की गोंधळ वाढतो. एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या चार डिस्क समोर ठेवल्या जातात. एकीवर निळं लेबल, एकीवर लाल, एकीवर जांभळं, एकीवर काळं. भाव वेगळे, वॉरंटी वेगळी. दुकानदार म्हणतो, "सगळ्या सारख्याच हो, स्टॉकमध्ये ही आहे, घेऊन टाका." मित्र म्हणतो, "ती कंपनी अजिबात घेऊ नकोस, माझी गेली." यापैकी कोणाचं ऐकायचं?

या लेखात आपण तीन गोष्टी बघू. या लाइन एकमेकींपासून नेमक्या कशात वेगळ्या आहेत, डेटाशीटवरचे आकडे कसे वाचायचे, आणि शेवटी पैसे कुठे घालायचे. मधला भाग थोडा आकडेमोडीचा आहे, पण संशोधन करायचं ठरवलं आहे म्हटल्यावर त्याला घाबरून चालणार नाही.

आधी लेबलांची ओळख

आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या तीनच कंपन्या उरल्या आहेत: वेस्टर्न डिजिटल, सीगेट आणि तोशिबा. तिघींनीही ग्राहकांचे साधारण सारखेच गट पाडले आहेत.

साध्या घरगुती कॉम्प्युटरसाठी: डब्ल्यूडी ब्लू, सीगेट बाराकुडा, तोशिबा पी३००.

नॅससाठी, म्हणजे घरच्या किंवा ऑफिसच्या नेटवर्कला जोडलेल्या आणि दिवसरात्र चालू असणाऱ्या साठवणुकीच्या डब्यासाठी: डब्ल्यूडी रेड प्लस आणि रेड प्रो, सीगेट आयर्नवुल्फ, तोशिबा एन३००.

सीसीटीव्हीसाठी: डब्ल्यूडी पर्पल, सीगेट स्कायहॉक, तोशिबा एस३००.

डेटा सेंटरसाठी: डब्ल्यूडी गोल्ड, सीगेट एक्झॉस.

याशिवाय वेगावर भर देणारी डब्ल्यूडी ब्लॅक आहे. पूर्वी ग्रीन नावाचीही एक लाइन होती, ती २०१५ मध्ये ब्लूमध्ये विलीन झाली.

इथे एक गोष्ट मनात पक्की करून घ्या. लाइनचं नाव हे विक्रीसाठी दिलेलं नाव आहे. एकाच नावाखाली वेगवेगळ्या क्षमतेच्या डिस्कची आतली रचना वेगळी असू शकते, आणि तेच नाव ठेवून कंपनी आतली रचना बदलूही शकते. म्हणून "ब्लू घेऊ का रेड" हा प्रश्न अर्धवट आहे. पूर्ण प्रश्न असा: कुठला मॉडेल नंबर? असं का, ते पुढच्या प्रकरणातून कळेल.

कौलारू छप्पर आणि २०२० चा गोंधळ

हार्ड डिस्कमध्ये चकाकत्या तबकड्या असतात आणि त्यांवर एकात एक वर्तुळाकार ट्रॅक असतात. डेटा या ट्रॅकवर चुंबकीय खुणांच्या रूपात लिहिला जातो. लिहिणारं हेड जाड रेघ ओढतं. वाचणाऱ्या हेडला मात्र बारीक रेघही पुरते. यातूनच एक युक्ती निघाली. ट्रॅक शेजारी शेजारी मोकळे ठेवण्याऐवजी, घराच्या छपरावर कौलं घालतात तसे एकावर एक थोडे चढवत जायचं. प्रत्येक कौलाचा थोडाच भाग उघडा राहतो, पण वाचायला तेवढा पुरतो. त्याच तबकडीवर जास्त डेटा बसतो. या पद्धतीला एसएमआर म्हणतात. ट्रॅक सुटे ठेवण्याच्या जुन्या पद्धतीला सीएमआर.

आता छपराच्या मधलं एक कौल बदलायचं आहे, तर काय करावं लागतं? त्यावर चढलेली पुढची कौलं उचलावी लागतात. एसएमआरचंही तसंच आहे. एका ट्रॅकवर नवं लिहिलं की त्यावर चढलेले शेजारचे ट्रॅक खराब होतात, म्हणून अख्खा पट्टाच वाचून पुन्हा लिहावा लागतो. हे लपवण्यासाठी अशा डिस्कमध्ये थोडी जागा साध्या पद्धतीची राखीव असते. तुम्ही लिहिलेलं आधी तिथे पडतं, आणि डिस्क रिकामी बसली की सावकाश मूळ जागी नेऊन लावलं जातं.

रोजच्या वापरात हे जाणवतही नाही. पाच-दहा जीबीचे फोटो टाकलेत, पट्कन गेले. पण समजा तुम्ही एकदम ८०० जीबीच्या मायक्रोस्कोपच्या प्रतिमा कॉपी करायला घेतल्या. सेकंदाला १८० एमबी वेग टिकला तर सव्वा तासात काम संपतं. राखीव जागा भरून वेग ४० एमबीवर आला, तर तेच काम साडेपाच तासांवर जातं. डिस्क बिघडलेली नसते, ती कौलं उचलत बसलेली असते.

खरा वाद पेटला तो एप्रिल २०२० मध्ये. वेस्टर्न डिजिटलच्या रेड लाइनमधल्या २ ते ६ टीबीच्या काही मॉडेलमध्ये एसएमआर वापरलं आहे आणि तसं डेटाशीटवर लिहिलेलं नाही, हे तेव्हा उघड झालं. रेड ही तर खास नॅससाठी विकली जाणारी लाइन. नॅसमध्ये एक डिस्क गेली की तिच्या जागी नवी घालून सगळा डेटा तिच्यावर पुन्हा उभा करावा लागतो, म्हणजे अनेक तास सलग लिखाण. एसएमआरला नेमकं हेच झेपत नाही. त्या काळात एका तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने घेतलेल्या चाचणीत सीएमआर डिस्कना या कामाला एक दिवसही लागला नाही, तर एसएमआर असलेल्या रेड डिस्कला नऊ दिवसांहून जास्त लागले. नंतर कंपनीने कुठलं मॉडेल कुठल्या पद्धतीचं आहे याची यादी जाहीर केली आणि सीएमआर डिस्क रेड प्लस या नावाने वेगळ्या काढल्या.

बारकावा लक्षात घ्या. ४ टीबीच्या रेडमध्ये डब्ल्यूडी४०ईएफआरएक्स हे मॉडेल सीएमआर होतं आणि डब्ल्यूडी४०ईएफएएक्स हे एसएमआर. नाव तेच, क्षमता तीच, लेबलाचा रंग तोच. फरक एका अक्षराचा. सीगेटकडेही ४ टीबीची बाराकुडा एसटी४०००डीएम००४ एसएमआर आहे, आणि आयर्नवुल्फ मात्र सीएमआर असतात. दोन्ही कंपन्यांच्या संकेतस्थळांवर आता ही माहिती मिळते. दुकानात खोक्यावरचा मॉडेल नंबर वाचा, फोनवर तपासा, मग पैसे द्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आरपीएमवर किती जीव टाकायचा?

दुसरा वाद ५४०० विरुद्ध ७२०० आरपीएमचा. हिशेब करूनच बघू.

७२०० आरपीएम म्हणजे सेकंदाला १२० फेरे, एका फेऱ्याला ८.३३ मिलिसेकंद. हवा तो डेटा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा लागतो, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. ५४०० आरपीएमला हेच ५.५६ मिलिसेकंद. फरक साधारण १.४ मिलिसेकंदाचा. शिवाय हेडला योग्य ट्रॅकवर जायला दोन्हीकडे आठ-दहा मिलिसेकंद लागतातच. म्हणजे एकूण वेळ ढोबळमानाने १३ विरुद्ध १५ मिलिसेकंद.

आता समजा तुमच्याकडे दोन लाख छोट्या फाइल्स आहेत आणि तुमचा प्रोग्रॅम त्या एकेक करून उघडतो. ७२०० च्या डिस्कवर नुसत्या हेडच्या धावपळीत ४३ मिनिटं गेली, ५४०० च्या डिस्कवर ५० मिनिटं. एसएसडीला एका वाचनाला ०.१ मिलिसेकंद धरले तर? वीस सेकंद!

हा हिशेब वरवरचा आहे, पण निष्कर्ष बदलत नाही. वेग हवा असेल तर ७२०० च्या डिस्कसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा ऑपरेटिंग सिस्टिम आणि सध्या काम चालू असलेला डेटा एसएसडीवर ठेवा. अगदी ५०० जीबीची साधी एसएसडीसुद्धा पुरते. हार्ड डिस्कचं काम भांडाराचं. भांडारात कोठीतला माणूस धावत आला की चालत आला, याने फार बिघडत नाही.

लाल आणि जांभळी डिस्क घरच्या कॉम्प्युटरला चालते का?

चालते. पण त्यांना वेगळ्या कामासाठी वेगळं वळण लावलेलं असतं, ते समजून घ्या.

एखादा सेक्टर नीट वाचता आला नाही की डिस्क पुन्हा पुन्हा प्रयत्न करते. साधी डेस्कटॉप डिस्क बराच वेळ, कधी मिनिटभराहूनही जास्त, हटून बसते. नॅसची डिस्क मात्र साधारण सात सेकंदांत हात वर करते. कारण नॅसमध्ये तोच डेटा दुसऱ्या डिस्कवरून मिळू शकतो, आणि एक डिस्क फार वेळ गप्प राहिली तर ती मेलीच असं समजून तिला बाहेर काढलं जाण्याची भीती असते. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये एकच डिस्क असेल तर तिने हटून बसणंच फायद्याचं. पण ही वेळ क्वचित येते, आणि दुसरी प्रत जवळ असेल तर तिचं फारसं महत्त्वही राहत नाही.

सीसीटीव्हीच्या डिस्क अनेक कॅमेऱ्यांचं सलग लिखाण न अडखळता व्हावं यासाठी जुळवलेल्या असतात. एक-दोन फ्रेम बिघडल्या तरी रेकॉर्डिंग थांबता कामा नये, हा तिथला हिशेब. त्यासाठीच्या खास आज्ञा रेकॉर्डरकडून येतात; घरचा कॉम्प्युटर त्या पाठवत नाही, म्हणून तिथे ही डिस्क साध्या डिस्कसारखीच वागते. दुकानदाराकडे जांभळी डिस्क स्वस्तात मिळत असेल आणि मॉडेल सीएमआर असेल, तर बिचकायचं कारण नाही. फक्त ती "जास्त दणकट" आहे म्हणून जादा पैसे देऊ नका.

डेटा सेंटरच्या डिस्कना कंपनाचे सेन्सर वगैरे असतात. एका कपाटात डझनावारी डिस्क घरघरत असतात तिथे ते उपयोगी. तुमच्या टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये एकटीच डिस्क असते. वर या डिस्कचा आवाज जास्त. वन आरकेच्या खोलीत रात्री उशाशी ती खरखर ऐकायची तयारी असेल तरच घ्या.

डेटाशीटवरचे तीन आकडे

पहिला: वर्षाला किती टीबीचं काम. बाराकुडासाठी हा आकडा ५५ टीबी, आयर्नवुल्फ आणि रेड प्लससाठी १८०, एक्झॉस आणि गोल्डसाठी ५५०. यात वाचणं आणि लिहिणं दोन्ही आलं. ५५ टीबी म्हणजे रोज १५० जीबी. प्रबंध लिहिणारा माणूस एवढं क्वचितच करतो.

दुसरा: वर्षाला किती तास चालू. बाराकुडासाठी २४०० तास, म्हणजे रोज साडेसहा तास. नॅसच्या डिस्कसाठी ८७६०, म्हणजे बाराही महिने चोवीस तास. हा आकडा मात्र आपल्यापैकी अनेकांना लागू होतो. रात्री सिम्युलेशन लावून झोपणारे, कॉम्प्युटर महिनोन्‌महिने बंद न करणारे, तुम्ही कुठल्या गटात आहात ते स्वतःच ठरवा.

तिसरा, सगळ्यात फसवा: एमटीबीएफ, म्हणजे दोन बिघाडांमधला सरासरी काळ. "१० लाख तास" असं लिहिलेलं असतं. १० लाख तास म्हणजे ११४ वर्षं! डिस्क तुमच्या नातवंडांपर्यंत टिकणार का? नाही. त्याचा अर्थ असा: हजार डिस्क वर्षभर चालवल्या तर एकूण ८७ लाख ६० हजार तास भरतात, आणि त्यात साधारण ९ डिस्क जातील. म्हणजे वर्षाला ०.८८ टक्के. हे विधान डिस्कच्या समूहाबद्दल आहे. एका डिस्कच्या आयुष्याबद्दल ते काहीच सांगत नाही.

आणि प्रत्यक्षात एवढ्याच जातात का? हे दोन गटांनी तपासलं आणि दोघांचेही पेपर २००७ मध्ये एकाच परिषदेत आले. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या बियांका श्रोडर आणि गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कच्या नोंदी पाहिल्या. डेटाशीटनुसार वर्षाला जास्तीत जास्त ०.८८ टक्के डिस्क जायला हव्या होत्या. बदलाव्या लागलेल्या डिस्कचं प्रमाण बऱ्याच ठिकाणी २ ते ४ टक्के निघालं, काही ठिकाणी १३ टक्क्यांपर्यंत. महागड्या आणि साध्या जोडणीच्या डिस्कमध्येही त्यांना ठळक फरक दिसला नाही. गूगलच्या पिनहेरो, वेबर आणि बरोसो यांनी स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्क तपासल्या. त्यांच्याकडे पहिल्या वर्षातल्या डिस्कचं प्रमाण १.७ टक्के होतं, तिसऱ्या वर्षातल्या डिस्कचं ८.६ टक्क्यांहून जास्त. हे दोन्ही पेपर जरूर वाचा. कंपनीचा दावा आणि मैदानातली नोंद यांची तुलना कशी मांडावी, याचे ते उत्तम नमुने आहेत.

"माझी गेली" हा पुरावा किती मोठा?

बॅकब्लेझ ही ऑनलाइन बॅकअप देणारी कंपनी २०१३ पासून आपल्या डिस्कच्या बिघाडाची आकडेवारी जाहीर करते. तिच्या सगळ्या डिस्क मिळून वार्षिक बिघाडाचं प्रमाण २०२३ मध्ये १.४० टक्के आणि २०२४ मध्ये १.५७ टक्के होतं. कच्चा डेटाही उतरवून घेता येतो. सांख्यिकीचा सराव करायला यापेक्षा चांगला खुला डेटा शोधून सापडणार नाही.

पण तो वाचताना डोकं वापरा. २०१३ मध्ये त्यांनी एक तुलना दिली होती: घरगुती डिस्कचं वार्षिक प्रमाण ४.२ टक्के, महाग एंटरप्राइज डिस्कचं ४.६ टक्के. लोकांनी लगेच निष्कर्ष काढला, महाग डिस्क जास्त जातात! जरा थांबा. एंटरप्राइज डिस्कचा अनुभव फक्त ३६८ डिस्क-वर्षांचा होता आणि बिघाड १७. मोजणीतली अनिश्चितता वर्गमुळाच्या हिशेबाने असते. १७ चं वर्गमूळ ४.१, त्याची दुप्पट ८.२. म्हणजे खरा आकडा ९ ते २५ मध्ये कुठेही असू शकतो, आणि प्रमाण अडीच ते सात टक्क्यांच्या आसपास कुठेही. त्यात ४.२ आरामात बसतो. वर दोन्ही गटांचा वापरही वेगळा होता. थोडक्यात, या आकड्यांवरून "फरक आहे" असं म्हणता येत नाही आणि "फरक नाही" असंही सिद्ध होत नाही.

दुसरं उदाहरण सीगेटच्या ३ टीबीच्या एसटी३०००डीएम००१ या मॉडेलचं. बॅकब्लेझकडे या डिस्क फार मोठ्या प्रमाणात गेल्या, आणि "सीगेट वाईट" ही समजूत बऱ्याच अंशी तिथून पसरली. पण २०११ च्या अखेरीस थायलंडमध्ये पूर आला, तिथले कारखाने पाण्याखाली गेले, जगभर डिस्कचा तुटवडा पडला, आणि त्या काळात बॅकब्लेझने बाजारातून बाहेरून जोडायच्या डिस्क विकत घेऊन, त्यांची खोकी फोडून, आतल्या डिस्क वापरल्या. मॉडेलचा दोष किती, हाताळणीचा किती, वापराचा किती? नुसत्या टक्केवारीवरून हे वेगळं करता येत नाही. आणि काहीही असलं तरी तो दोष एका मॉडेलचा. त्यावरून आज वेगळ्या कारखान्यात, वेगळ्या रचनेने बनलेल्या डिस्कबद्दल काय ठरवणार?

आता मित्राच्या "माझी गेली" कडे या. एका मॉडेलचं खरं प्रमाण १ टक्का आणि दुसऱ्याचं १.५ टक्के आहे असं धरा. वर्षभराच्या निरीक्षणातून हा फरक बऱ्यापैकी खात्रीने दिसायला प्रत्येक मॉडेलच्या किती डिस्क लागतील? नेहमीचे निकष लावले (५ टक्के सार्थकता पातळी, ८० टक्के शक्ती) तर साधारण ७,७००. तुमच्या मित्राकडे एक होती. दुकानदाराने वर्षात पन्नास विकल्या असतील आणि एकही परत आली नसेल, तरी "शून्य बिघाड" दिसल्यावर वरची मर्यादा तीन भागिले संख्या, म्हणजे ६ टक्के येते. म्हणून ब्रँडची भांडणं सोडून द्या. तुमच्या-माझ्या पातळीवर त्यांचं उत्तर मिळण्यासारखं नाही.

मग पैसे कुठे घालायचे?

दुसऱ्या प्रतीत. सरळ हिशेब आहे. एका डिस्कची वर्षात जाण्याची शक्यता १.५ टक्के धरा. महाग डिस्क घेऊन ती कशीबशी १ टक्क्यावर आणली, तर धोका एक तृतीयांशाने कमी झाला. त्याच पैशात दोन साध्या डिस्क घेतल्या आणि दोन्हीवर तोच डेटा ठेवला, तर दोन्ही त्याच वर्षी जाण्याची शक्यता ०.०१५ गुणिले ०.०१५, म्हणजे साधारण साडेचार हजारांत एक.

या गुणाकारात एक गृहीतक दडलेलं आहे, ओळखलंत का? दोन्ही घटना स्वतंत्र आहेत असं धरलं आहे. दोन्ही डिस्क एकाच कॅबिनेटमध्ये असतील, तर वीज जाऊन येताना बसणारा एकच झटका दोघींना पुरतो. चोर एकच कॅबिनेट उचलतो. रॅन्समवेअर जोडलेल्या सगळ्या डिस्कवर चालतं. चुकीची डिलीटची आज्ञा आरएआयडीमधल्या दोन्ही डिस्कवर इमानेइतबारे पाळली जाते. म्हणून दुसरी डिस्क बाहेरची घ्या, बॅकअप झाला की काढून ठेवा, आणि तिसरी प्रत दुसऱ्या जागी: विभागाच्या सर्व्हरवर, क्लाउडवर, नाहीतर गावी कपाटात. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला ३-२-१ नियम हाच. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी.

डिसेंबर २०२१ मध्ये जपानमधल्या क्योटो विद्यापीठाच्या सुपरकॉम्प्युटरवरचा ७७ टीबी डेटा, सुमारे ३ कोटी ४० लाख फाइल्स, पुसला गेला. डिस्क उत्तम होत्या. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये झालेल्या बदलामुळे ते घडलं, आणि काही संशोधक गटांचा डेटा कायमचा गेला. आपल्याकडे प्रबंध शोधगंगेवर जातो, पण त्यामागचा कच्चा डेटा तुमच्याच डब्यात असतो. व्हायव्हाच्या वेळी परीक्षकांनी मूळ नोंदी मागितल्या तर त्या तुम्हालाच दाखवायच्या असतात.

आता निवड

तुमचं काम मुलाखती, दस्तऐवज, सर्वेक्षणाचं असेल तर: सीडीच्या दर्जाचं एक तासाचं रेकॉर्डिंग साधारण ६३५ एमबी. दीड तासाच्या शंभर मुलाखती म्हणजे ९५ जीबी. एक एसएसडी आणि कुठलीही साधी १ किंवा २ टीबीची डिस्क, एसएमआर असली तरी चालेल. उरलेले पैसे बाहेरच्या डिस्कला.

प्रतिमा, सिक्वेन्सिंग, व्हिडिओ असं एकदम शेकडो जीबी लिहायचं असेल तर: मुख्य डिस्क सीएमआरच घ्या. रेड प्लस, आयर्नवुल्फ किंवा एन३००, ज्याचा भाव त्या दिवशी कमी असेल ती. बॅकअपची डिस्क एसएमआर असली तरी चालते, ती रात्रभर कॉपी करत बसू दे.

कॉम्प्युटर दिवसरात्र चालू राहणार असेल तर: नॅसच्या गटातली डिस्क, आणि सोबत यूपीएस. यूपीएसला पैसे नसतील तर एक्झॉस-गोल्डचा विचारही करू नका.

तुलना करताना भाव भागिले टीबी भागिले वॉरंटीची वर्षं असं गणित मांडा. ब्लू आणि बाराकुडाला २ वर्षं, रेड प्लस, आयर्नवुल्फ आणि पर्पलला ३, ब्लॅक, गोल्ड आणि एक्झॉसला ५ वर्षं वॉरंटी असते. बिल करण्याआधी सीरियल नंबर कंपनीच्या संकेतस्थळावर घालून भारतातली वॉरंटी दिसते का ते बघा. आणि लक्षात ठेवा, वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा नाही.

घरी आणल्यावर लगेच डेटा भरू नका. ४ टीबीची डिस्क विंडोजमध्ये ३.६३ दिसेल, त्यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या. क्रिस्टलडिस्कइन्फो किंवा स्मार्टसीटीएलने चालू तास बघा, नव्या डिस्कवर ते शून्याच्या जवळ हवेत. २०२५ च्या सुरुवातीला जर्मनीत वापरलेल्या एक्झॉस डिस्क तास पुसून नव्या म्हणून विकल्या गेल्याचं उघड झालं, म्हणून फार स्वस्त मिळाली तर जास्तच सावध राहा. मग संपूर्ण डिस्कची लांब चाचणी लावा. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून झोपा. परत करायची मुदत संपायच्या आत हे करायचं.

पुढे महिन्यातून एकदा तेच सॉफ्टवेअर उघडून बदललेले आणि प्रलंबित सेक्टर हे दोन आकडे बघा. गूगलच्या पेपरमध्ये डिस्कच्या तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या ६० दिवसांत ती जाण्याची शक्यता ३९ पट वाढलेली दिसली होती. आकडा शून्यावरून हलला की त्याच दिवशी कॉपी घ्या. पण याच पेपरमध्ये निम्म्याहून अधिक डिस्क अशा महत्त्वाच्या खुणांपैकी एकही न दाखवता गेल्या होत्या, म्हणून शून्य दिसलं की निर्धास्त होऊ नका.

आणि बॅकअप घेतलात की एक फाइल त्यातून परत काढून उघडून बघा. उघडली तरच तो बॅकअप. हे काम आजच करा, सिनॉप्सिस उद्या लिहिला तरी चालेल.